‘गाडी जुनी झाली’ हे निदान नव्हे

‘गाडी जुनी झाली’ हे वाक्य मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इतक्या गॅरेजांत ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की कानशिलं तापतात. गाडी पेट्रोल घेत नाही, चढाला दम टाकते, गचके खाते, चौकात बंद पडते. फिटर हात पुसत येतो, टाकीवर दोन थापट्या मारतो आणि ‘जुनी झाली ओ आता’ म्हणून मोकळा होतो. डॉक्टरने नाडी न बघता ‘वय झालं’ म्हणावं, तसं. वय झालेलं असतं, खरंय. पण वयामुळे कुणी नेमक्या चौथ्या किलोमीटरला बंद पडत नाही. त्याला कारण असतं. आणि माझ्या अनुभवात ते कारण बहुतेक वेळा टाकीचं झाकण आणि सिलेंडरचं तोंड यांच्यामधल्या दीड हाताच्या अंतरात सापडतं.

माझ्याकडे १९८४ची येझदी २५० आहे. अण्णांची. म्हैसूरच्या आयडियल जावाने केलेली. ती कंपनी १९९६ला बंद पडली. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, दोन सायलेन्सर, आणि आवाज असा की अण्णा पेठ नाक्यावर आले की आई चहाचं आधण ठेवायची, असं घरात सांगतात. (पेठ नाका आमच्या घरापासून लांब आहे. पण सांगायला काय जातंय.) रीलवर अशी गाडी छान दिसते. मात्र हा लेख विंटेजच्या कौतुकाचा नाही. कायद्याने ‘विंटेज’ व्हायला गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०२१च्या नियमांप्रमाणे वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ मालिकेतला नंबर दहा वर्षांसाठी मिळतो, आणि मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे ती प्रदर्शनात उभी करायची. माझा मुद्दा त्या गाड्यांचा आहे ज्या कामावर जातात. शिराळ्याकडे दुधाच्या किटल्या लावून पळणारी राजदूत, कराडच्या बाजारात भाजी आणणारी आरएक्स शंभर, आणि तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या घरी असेल ती २०१२ची स्प्लेंडर. होय, तीसुद्धा. एप्रिल २०२०ला बीएस सिक्स आलं, त्याच्या आधीच्या बहुतेक मोटरसायकली कार्बोरेटरच्याच आहेत. तेव्हा ‘आपल्याकडे नाही बुवा जुनी गाडी’ म्हणून इथून स्क्रोल करू नका.

या गाड्यांना पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. पाटाचं पाणी शेतात उतरतं तसं. आता मला सांगा, रानात पाणी पोचलं नाही तर आपला शेतकरी काय करतो? ऊस उपटून नवा लावतो? तो पाटाच्या कडेने वर चालत जातो. कुठे फुटलंय, कुठे तुंबलंय, कुणी दारं मोडून पाणी स्वतःकडे वळवलंय का, बघत जातो. ही साधी अक्कल ज्या माणसाला रानात असते, तोच माणूस गॅरेजच्या बाकड्यावर बसला की ‘नवीन कार्बोरेटर टाका’ हे निमूट ऐकतो. याचं मला नवल वाटतं, आणि थोडा रागही येतो.

हिशेब करून बघा. तासाला साठच्या वेगाने चाललेली आणि लिटरला तीस देणारी गाडी तासाला दोन लिटर पेट्रोल पिते. म्हणजे मिनिटाला तेहतीस मिलीलिटर. चहाच्या टपरीवरच्या कटिंगपेक्षा कमी. चढाला, पूर्ण थ्रॉटलवर ती दुप्पट-अडीचपट पिईल असं धरा. तरी नव्वदच्या आत. आता कार्बोरेटरकडची नळी काढा, पाण्याची रिकामी बाटली खाली धरा, कॉक उघडा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. दोनशे मिली आलं तर टाकी, कॉक आणि नळी निर्दोष. दोष पुढे शोधा. पन्नासच आलं तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. मग झाकण उघडून तेच परत करा. झाकण उघडल्यावर धार वाढली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही वाढली, तर कॉकची जाळी, टाकीतला गंज, नाही तर नळी. एक बाटली, एक मोबाइल, दोन मिनिटं. ज्या गॅरेजात ही दोन मिनिटं कुणी दिली नाहीत आणि थेट स्पॅनर उचलला, त्या गॅरेजातून गाडी ढकलत बाहेर काढा.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. आमच्या घरातलाच किस्सा सांगतो. येझदी दोन महिने माझ्या चुलतभावाकडे साताऱ्याला होती. कासला जायचं म्हणून यवतेश्वरच्या घाटात घातली, की तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला गाडी मरायची. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू. परत तीन-चार किलोमीटर, परत बंद. त्याने तीन गॅरेजं केली. पहिल्याने कॉइल बदलली. दुसऱ्याने ‘ओरिजिनल’ म्हणून एक कार्बोरेटर बसवला, जो ज्या गाडीचा म्हणून विकला जातो त्या गाडीने कधी पाहिलेला नसतो. तिसऱ्याने शहाण्यासारखी मान हलवली आणि इथेनॉलवर पंधरा मिनिटं भाषण दिलं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी घाटात ती बंद पडू दिली आणि झाकण उघडलं. फुस्स. टाकीने एवढी हवा आत ओढली की बाजूने चाललेल्या म्हशीनेही वळून बघितलं. झाकणाचं रबर गळतं म्हणून कुणीतरी बाजारातून नवं आणून लावलं होतं, आणि त्याला भोकच नव्हतं. पेट्रोल खाली जातं, वर हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते, धार थांबते. दहा मिनिटांत कुठून तरी हवा झिरपते, गाडी चालू होते. दहा-वीस रुपयांचं रबर, आणि त्याच्यापायी साडेचार हजार गेले.

पहिल्या गॅरेजवाल्याला मी थोडी सूट देतो. गरम झालेली कॉइल अगदी अशीच फसवते: तापली की ठिणगी जाते, गार झाली की येते. पण म्हणूनच तर बघायचं असतं! गाडी बंद पडली त्याच क्षणी फ्लोटच्या वाटीचं पेट्रोल काढा. वाटी कोरडी असेल तर पेट्रोलचा दोष, भरलेली असेल तर ठिणगीचा. रस्त्याच्या कडेला, कुठल्याही यंत्राशिवाय हे कळतं. कळून घ्यायची इच्छा पाहिजे. इच्छा का नसते, तेही उघड आहे. निदानाचे पैसे कुणी देत नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून ‘काय बदललं?’ असं विचारतो, ‘काय सापडलं?’ असं विचारत नाही. ज्याने अर्धा तास डोकं लावून झाकणाला भोक पाडलं त्याला आपण वीस रुपये देतो, आणि ज्याने न बघता कार्बोरेटर बदलला त्याला अडीच हजार. मग तो कशाला डोकं लावेल? फिटरला शिव्या देताना यातला आपला वाटा विसरू नका.

एका गोष्टीला मात्र माफी नाही. जेटमध्ये तार घालणं. क्लचच्या केबलची एक तार तोडून जेटच्या भोकात घुसवायची आणि वरखाली करायची, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कार्बोरेटर उघडताना मी समोर उभा राहतो. जेट पितळेचं असतं, पितळ मऊ असतं, आणि ते भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं. स्टीलची तार एकदा फिरली की ते भोक तेच राहत नाही. हवेचा प्रेशर मारा, क्लीनरमध्ये रात्रभर बुडवा, फारच चिकट असेल तर नायलॉनचा धागा घाला. तार नको. आणि फ्लोट पितळी असेल, गाडी सारखी ‘ओव्हर’ होत असेल, तर नवीन पिन आणण्याआधी फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले तर त्याला चीर आहे. तो पेट्रोल पिऊन जड झालाय आणि बुडतोय, बिचारी पिन काय करणार.

आता इथेनॉल.

इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय, कारण दोन्ही बाजूंनी खोटेपणा चाललाय. आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याच अंगणातला आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून पंपावर विकायचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली तीन ठिकाणी झाले: मनमाड, उत्तर प्रदेशातलं आंवला-बरेली, आणि मिरज. होय, सांगली जिल्ह्यातलं मिरज. २००३च्या जानेवारीत ते महाराष्ट्रासह नऊ राज्यांत आलं. दहा टक्क्यांचं लक्ष्य २०२२च्या जूनमध्ये, ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठलं. वीस टक्क्यांचं लक्ष्य २०३०चं होतं. ते अलीकडे ओढलं आणि २०२५मध्ये गाठलंही. म्हणजे ज्या सांगली-साताऱ्यात आज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इथेनॉलने इंजिन खाल्लं’ असे मेसेज फिरतायत, तिथल्या गाड्या पाव शतकापासून थोडंफार इथेनॉल पितायत.

तर पहिला खोटेपणा मेसेजवाल्यांचा. ‘मायलेज अर्ध्यावर आलं’ म्हणणाऱ्याने पाचवीचं गणित करावं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सात टक्क्यांच्या आत. तेही शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर. दहा टक्केवाल्याशी केली तर त्याच्या निम्मं. तुमची गाडी पंचेचाळीसवरून तीसवर आली असेल तर मागचा ब्रेक घासतोय, एअर फिल्टर चोंदलाय, नाही तर कॉक गळतोय. इथेनॉलच्या नावाने गळका कॉक लपवू नका.

दुसरा खोटेपणा जास्त वजनदार आहे, कारण तो सरकारी कागदावर येतो. ‘जुन्या गाड्यांना काही होत नाही, फार तर वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं’ अशा अर्थाचं स्पष्टीकरण पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये दिलं. शब्दाला शब्द धरला तर यात खोटं फारसं नाही. पण ‘नेहमीची सर्व्हिसिंग’ कुठली? ज्या कंपनीने १९९६ला कुलूप लावलं तिच्या सर्व्हिस सेंटरमधली?

आत काय होतं ते सांगतो. जुन्या नळ्या, कॉकमधली सील आणि बुचं इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ होतात, मग त्यांचा भुगा सुटतो आणि जाळीत अडकतो. चाळीस वर्षं टाकीच्या तळाला बसलेला चिकट थर इथेनॉल सोडवतं आणि तो थेट जेटमध्ये आणून टाकतं; म्हणून सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी कार्बोरेटर उघडावा लागतो आणि सगळ्यांना वाटतं की पंपावर घाण पेट्रोल मिळालं. फ्लोटच्या वाटीत पांढरी पूड दिसते, ती धातू खाल्ल्याची. आणि मिश्रण पातळ होतं. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साडेचौदा-पावणेपंधरा भाग हवा लागते; इथेनॉलला नऊच भाग पुरतात. कार्बोरेटर मुका आहे. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की टाकीत काय आलंय, तो तेवढीच हवा आणि तेवढंच इंधन देतो. वीस टक्क्यांवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी हलकं पडतं. प्लग पांढरा दिसतो, गाडी तापते, चोक अर्धा ओढला की सुधारते. ही खूण लक्षात ठेवा: चोकवर सुधारणारी गाडी भुकेली असते.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. सात टक्के जास्त इंधन पाहिजे तर जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ सात टक्क्यांनी वाढायला हवं, म्हणजे व्यास साडेतीन टक्क्यांनी. शंभर नंबरचं जेट असेल तर एकशे दोन-तीन किंवा पाच. नीडलची क्लिप एक खाच खाली. नळ्या आणि सील व्हायटॉनच्या. संपलं. पण आधी वाट वाहती आहे का ते बाटलीने बघा, हवा कुठून ओढतेय का ते बघा, आणि मगच जेटला हात लावा. तुंबलेल्या पाटाला रुंद दारं करून पाणी वाढत नाही.

पाण्याचं मात्र वेगळं आहे, आणि आपल्या भागात त्यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा थांबतो. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. थेंब तळाला बसतो, वाटीत दिसतो, काढून टाकता येतो. इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी पिऊन घेतं. दिसत नाही, कळत नाही. दहा टक्केवालं लिटरमागे पाचेक मिली पाणी सांभाळतं, वीस टक्केवालं त्याहून अधिक. पण मर्यादा ओलांडली, किंवा पेट्रोल गार पडलं, की ते सगळं एकदम सोडतं, आणि एकटं पाणी नाही, इथेनॉललाही सोबत घेऊन तळाला जातं. टाकीत दोन थर होतात. खालचा पाणी-इथेनॉलचा, आणि कॉक कुठून पितो? खालून. रिझर्व्हला घेतलं तर अजून खालून. टू स्ट्रोक गाडी असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं. म्हणजे इंजिनाला जे थोडंफार पोचतं त्यात वंगणच नाही.

आता महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याचा जुलै आठवा. आठ दिवस गाडी शेडमध्ये, अर्धी टाकी रिकामी, झाकणाच्या भोकातून दमट हवेचं येणंजाणं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा किती दुचाकी टाकीपर्यंत बुडाल्या होत्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पूर ओसरल्यावर ‘इंजिन उघडा’ म्हणणारे बरेच भेटले. आधी टाकी पूर्ण रिकामी करून काचेच्या बरणीत ओता आणि तासभर बघत बसा, असं म्हणणारा क्वचित. बरणीत दोन थर दिसले की निदान झालं. वरचं पेट्रोलही परत टाकू नका, त्याच्यातलं इथेनॉल गेलंय आणि ऑक्टेनही.

एवढं सगळं ज्ञान फुकट मिळतं, माहीत असेल तर गाडी चालते, मग तक्रार कसली? तक्रार ही, की मला हे ओळखून काढावं लागतं. पंपावर कुणी सांगत नाही. नीती आयोगाचा इथेनॉलबद्दलचा आराखडा २०२१च्या जूनमध्ये आला. त्यातच लिहिलंय की जुन्या गाड्यांसाठी दहा टक्के मिश्रणाचं पेट्रोल ‘संरक्षक’ इंधन म्हणून चालू ठेवावं. त्यातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज वीस टक्क्यांवर तीन-चार टक्क्यांनी घटेल. आणि त्यातच लिहिलंय की जास्त इथेनॉलवालं इंधन त्या प्रमाणात स्वस्त विकावं. ही माझी मागणी नाही, सरकारच्याच समितीची शिफारस आहे. झालं काय? दहा टक्केवालं पंपावरून गेलं. दर उतरला नाही. निवड मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आणि पंपावर आजही अशी पाटी शोधावी लागते, जी साध्या मराठीत सांगेल की या नॉझलमधून किती टक्के इथेनॉल येतंय. भेळेच्या पुड्यावर घटक छापावे लागतात. शंभर रुपये लिटरच्या वस्तूवर नाही?

बाहेर हे जमतं. ब्रिटनने २०२१च्या सप्टेंबरमध्ये दहा टक्के इथेनॉल सरसकट केलं, तेव्हा पाच टक्केवालं सुपर ग्रेड पंपावर ठेवलं, दोन्ही नॉझलांवर ठळक खूण केली आणि आपली गाडी कशात बसते ते तपासायला सोय दिली. तिथे जुन्या गाड्या छंदाच्या असतात. आमच्याकडे त्या पोटापाण्याच्या आहेत, आणि आम्हालाच निवड नाही.

इथवर बोललं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘तू ऊसवाल्याचा पोरगा. इथेनॉलविरुद्ध बोलतोस?’ वाळवा तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे, कारखान्याला जातो, आणि त्या कारखान्याच्या डिस्टिलरीला मी विरोध करावा एवढा मी खुळा नाही. साखर विकायला वर्ष जातं, इथेनॉलचे पैसे लवकर येतात, त्यातून उसाचं बिल निघतं. हे मला कुणी शिकवायला नको. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी ७ डिसेंबर २०२३ची आठवण देतो. त्या दिवशी केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. गाळप सुरू, डिस्टिलरीची कर्जं डोक्यावर, आणि रात्रीत धोरण फिरलं. नंतर थोडी सूट मिळाली, पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. तेव्हा शेतकऱ्याचा कळवळा कुठे होता? आणि आता देशातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, मुख्यतः मक्यापासून येतं. तरी पंपावर कुणी बोललं की ढाल म्हणून पुढे करायला ऊसवालाच. उसाचं बिल आणि माझ्या टाकीवरची पाटी यांत भांडण नाहीच. वीस टक्के मिसळा, पंचवीस मिसळा, नवीन गाड्या तशा बनवा. फक्त सांगून मिसळा, आणि ज्या गाड्या तशा बनलेल्या नाहीत त्यांच्यासाठी तालुक्याला दोन पंप दहा टक्क्यांचे ठेवा. याने एकाही कारखान्याची चिमणी बंद पडत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी सरकारकडे नाही, आपल्याकडे मागायची आहे. या पट्ट्यात लोखंडाला हात लावणारी माणसं कमी नव्हती. किर्लोस्करवाडी १९१०ला उभी राहिली ती नांगर करायला. प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. ज्या जिल्ह्यात स्कूटरचा कार्बोरेटर जोडून गाडी बाहेर काढणारे कामगार होते, तिथे आज पायलट जेट आणि मेन जेटमधला फरक सांगणारा फिटर शोधावा लागतो. नव्या पोरांना इंजेक्शनच्या गाड्यांना स्कॅनर लावायला शिकवतात, चांगली गोष्ट आहे. पण लाखो कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्या वीस टक्क्यांवर चालवायच्या आहेत. मग आयटीआयमध्ये या एका विषयाचे चार तास का नाहीत? जेट, व्हायटॉन, दोन थर, बाटली. चार तास पुरतात. मंत्रालय म्हणतं रबर स्वस्त आहे. आहेच. ते कुठलं बदलायचं हे कळणारा माणूस मिळत नाही.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. मेडिकलच्या दुकानातून नाही तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून खुणा असलेली काचेची उभी नळी आणा, सव्वाशे-दीडशे मिली मावेल अशी. उघड्यावर, आगीपासून लांब, ऑइल मिसळण्याआधीचं पेट्रोल शंभर मिली घ्या. त्यात वीस मिली पाणी घाला, तोंड बंद करून हलवा, मधेमधे बूच सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. पाणी इथेनॉलला ओढून खाली आणतं. खालचा थर वीसवरच राहिला तर इथेनॉल नाही, तीसच्या आसपास आला तर दहा टक्के, चाळीसच्या आसपास आला तर वीस. बारीक मोजमाप नाही हे, पण दहा आणि वीस वेगळे दिसतात. पाच-सहा जणांनी आपापल्या पंपाचं करा, फोटोवर तारीख आणि पंपाचं गाव लिहा. मग ती नळी तशीच घेऊन पंपाच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, हा आकडा तुमच्या नॉझलवर कधी लिहिणार.